खारट घाम : एका आनुवंशिक फुफ्फुसरोगाविषयीं दोन शब्द

(महोत्सवानिमित्त नारायणगांव येथें भरलेल्या सभेंतील भाषण)



महोत्सवाचा दिवस म्हणजे आनंदाचा दिवस. अशा दिवशीं गेलेल्या वर्षांचें स्मरण करावें, ज्यांनीं हा धर्मग्राम उभारिला त्यांचे उपकार आठवावे व देवाचे आभार मानून घरीं जावें, हीच रीत आहे. अशा प्रसंगीं रोगाची गोष्ट काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु आमच्याकडे बोलण्याचें काम सोंपवितांना चालकांनीं "लोकांच्या उपयोगीं पडेल असें कांहीं सांगा" असें बजाविलें आहे, आणि लेंकरांच्या जिवाहून अधिक उपयोगाची गोष्ट आम्हांस सुचली नाहीं. म्हणून ज्याचें नांव आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकलेलें नसेल अशा एका रोगाविषयीं आम्ही बोलणार आहों.

प्रथम एका घराची हकीकत सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं या भागांतील एका कुटुंबांत आमचें जाणें-येणें असे. घर कष्टाळू, शेत थोडें, पण पोटापुरतें. त्या घरीं लागोपाठ दोन मुलें गेलीं. दोघांचीही कथा एकच. जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत खोकला सुरू झाला, तो कधीं हटला नाहीं. दूध हावरेपणानें पीत, पण अंगीं मांस धरीना. शौच तेलकट, चिकट व अतिशय दुर्गंधीचें. कोणीं दमा म्हटलें, कोणीं क्षयाचें औषध दिलें, शेजाऱ्यांनीं दृष्ट काढली. धाकटें मूल तर ऐन वैशाखांतील एका दुपारीं ग्लानि येऊन गेलें. त्याच्या आजीनें दुःखाच्या भरांत एक वाक्य उच्चारलें तें अजून आमच्या कानांत आहे: "पोराचा मुका घेतला कीं ओठाला मीठ लागायचं!" आम्हीं तें ऐकलें आणि सोडून दिलें. पुढें कित्येक वर्षांनीं वाचनांत आलें, तेव्हां कळलें कीं त्या निरक्षर आजीनें एका रोगाची मुख्य खूणच बोलून दाखविली होती. तीं मुलें त्याच रोगानें गेलीं असें आम्ही म्हणत नाहीं. तपासच झाला नाहीं, तेव्हां तसें म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. परंतु विचारावयाचा प्रश्न कोणींच विचारला नाहीं हें खरें, आणि त्या न विचारणारांत आम्हीही होतों.

या रोगास सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात. आपल्या श्वासाच्या नळ्या, स्वादुपिंडाच्या नळ्या व आंतडीं यांस आंतून ओलसर अस्तर असतें. त्या अस्तराच्या पेशींत क्षाराची ये-जा करणारें जणू एक दार असतें. जन्मतःच तें दार बिघडलेलें असलें म्हणजे ओलावा कमी पडतो व श्लेष्मा डिंकासारखा घट्ट होतो. श्वासनलिकांत तो साचतो, त्यांत जंतु घर करितात, आणि वारंवार न्यूमोनिया होऊन फुफ्फुसें झिजत जातात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबल्या कीं पाचकरस अन्नापर्यंत पोंचत नाहीं. मग तूप-तेल अंगीं न लागतां तसेंच बाहेर पडतें, आणि मूल खाऊनही उपाशी राहतें. घामाच्या ग्रंथींत मात्र याच दाराचें काम निराळें आहे. तेथें तें घामांतील मीठ पुन्हां शरीरांत ओढून घेतें. तें बिघडल्यावर मीठ घामाबरोबर वाहून जातें, आणि म्हणून आईच्या ओठाला खारट चव लागते.

ही खारट चव जुन्या काळच्या लोकांसही ठाऊक होती. ज्या मुलाचें कपाळ खारट लागतें तें जगत नाहीं, अशी समजूत युरोपांतील खेड्यापाड्यांतून फार दिवसांपासून चालत आलेली होती. परंतु खेड्यांतील आयांचें हें ज्ञान वैद्यांच्या ग्रंथांपर्यंत पोंचण्यास कित्येक शतकें लागलीं. १९३८ सालीं न्यूयॉर्क येथील डॉ. डोरोथी अँडरसन या विदुषीनें मृत बालकांची बारकाईनें तपासणी करून या रोगास स्वतंत्र नांव दिलें. १९४८ च्या उन्हाळ्यांत त्याच शहरांत उष्णतेची मोठी लाट आली. त्या वेळीं उन्हानें कासावीस होऊन येणाऱ्या बालकांत याच रोगाचीं बालकें वारंवार दिसूं लागलीं. त्यावरून डॉ. पॉल दि सांत'आन्येझे यांनीं घामाचा तपास आरंभिला, व १९५३ सालीं घामांतील अधिक मिठाचा शोध प्रसिद्ध झाला. १९५९ सालीं गिब्सन व कुक यांनीं घाम तपासण्याची सुरक्षित रीत बसविली. १९८९ सालीं कॅनडा व अमेरिका येथील संशोधकांनीं रोगाचें मूळ असलेलें जनुक शोधून काढिलें. डॉ. अँडरसन यांच्या काळीं असें मूल बहुधा शाळेंत जाण्यापूर्वींच मरे; आज ज्या देशांत रोग लौकर ओळखतात तेथें तेंच मूल पन्नाशी ओलांडील अशी आशा धरितां येते.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हा गोऱ्या लोकांचा रोग आहे, आपल्याकडे तो होत नाहीं, असें पुष्कळ वर्षें मानीत आले. १९६८ सालीं चंडीगड येथील डॉक्टरांनीं या रोगाची हकीकत भारतीय वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध केली. पुढें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत, म्हणजे एम्समध्यें, डॉ. एस. के. काबरा व त्यांचे सहकारी यांनीं या रोगाचीं मुलें हुडकून त्यांची निगा राखण्याचें काम चिकाटीनें चालविलें. दिल्लीच्या संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत ९५५ नवजात बालकांच्या नाळेंतील रक्त तपासलें होतें. त्यांत ४ बालकें या रोगाच्या सर्वांत परिचित जनुकदोषाचीं वाहक निघालीं. त्यावरून आपल्याकडे सुमारें ४३,००० ते १,००,००० जन्मांमागें एक मूल या रोगाचें असावें, असा अंदाज त्यांनीं बांधिला. युरोपांत हेंच प्रमाण सुमारें अडीच-तीन हजारांमागें एक असें आहे. म्हणजे आपल्याकडे रोग विरळा खरा. परंतु ज्या देशांत वर्षास दोन कोटींहून अधिक मुलें जन्मतात, तेथें या हिशेबानें दरवर्षीं दोनशेंपासून पांचशेंपर्यंत मुलें हा रोग घेऊन येतात. त्यांपैकीं पुष्कळांस त्याचें नांवही न लागतां तीं जातात. मूल न्यूमोनियानें गेलें, अतिसारानें गेलें, अशी नोंद होते आणि पुस्तक मिटतें.

हें असें कां होतें? यांत डॉक्टरांचाच दोष आहे असें कोणीं समजूं नये. तालुक्याच्या गांवचा एखादा डॉक्टर चाळीस वर्षें रोगी तपासील, तरी या रोगाचें एकही मूल त्याच्यापुढें कदाचित् येणार नाहीं. याविषयीं आपल्या दाराशींच एक उत्तम दृष्टांत उभा आहे. येथून जवळच खोडद गांवीं रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड थाळ्या आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. त्या ३० आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. १४ मध्यभागीं जवळजवळ आहेत व बाकीच्या १६ तीन दिशांस, आपल्या शेतामळ्यांच्या मधून, सुमारें २५ किलोमीटरांच्या परिसरांत पसरल्या आहेत. आकाशांतून येणारी हांक इतकी क्षीण असते कीं एकट्या थाळीस तिचा बारीक उलगडा होत नाहीं. तीसही जणींचें ऐकणें एकत्र जोडलें म्हणजे मग ती हांक कोठून आली व कशाची आहे हें स्पष्ट होतें. दुर्मिळ रोगाची गोष्ट अशीच आहे. खेड्यांतील आई, आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, जिल्ह्याचें इस्पितळ आणि मोठ्या शहरांतील तज्ज्ञ, या सर्वांचें ऐकणें जोडलें गेलें तरच त्या मुलाची हांक ऐकूं येते. आमच्या त्या घरची आजी ही पहिली थाळी होती. तिनें ऐकलें होतें. पण तिच्यापासून पुढें तार गेलेली नव्हती.

ही तार जोडण्यास फार मोठी विद्या लागत नाहीं. खुणा थोड्या आहेत, त्या ध्यानांत ठेवाव्या. वारंवार न्यूमोनिया किंवा सदैव कफाचा खोकला. भूक चांगली असून वजन न वाढणें. तेलकट, दुर्गंधी, पुष्कळ शौच. जन्मतांच आंतडीं तुंबून पहिलें शौच न होणें. उन्हाळ्यांत जुलाब-वांतीचें कारण नसतां ग्लानि येणें. अंगावर मिठाचे पांढुरके कण दिसणें. आणि घरीं पूर्वीं अशींच भावंडें दगावलेलीं असणें. यांपैकीं दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर डॉक्टरांस इतकेंच विचारावें: "या मुलाचा घाम तपासावा काय?"

घामाची परीक्षा सोपी आहे. हातावर एक औषध ठेवून अगदीं सौम्य विजेचा प्रवाह सोडितात. त्या जागीं घाम येतो, तो गोळा करून त्यांतील क्लोराइड मोजितात. सुई टोंचावी लागत नाहीं. आंकडा ६० किंवा त्याहून अधिक आला तर हा रोग असल्याचें दिसतें. परीक्षा पुन्हां करून व जनुकांचा तपास करून तें पक्कें करितात. ३० च्या आंत आला तर रोग असण्याचा संभव थोडा. मधला आला तर अधिक तपास लागतो. परदेशीं यंत्रें महाग पडतात म्हणून एम्सच्या डॉक्टरांनीं घाम गोळा करून मोजण्याची एक स्वदेशी, अल्प खर्चाची रीत तयार केली व २००२ सालीं ती प्रसिद्धही केली. ही आपल्या देशास भूषणावह गोष्ट आहे. जनुकांच्या तपासाविषयींही एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. या जनुकाचे दोन हजारांहून अधिक फेरफार आढळले आहेत. युरोपांत जो एक दोष बहुसंख्य रोग्यांत सांपडतो, तो एम्सच्या २००३ सालच्या पाहणींत सुमारें एकपंचमांशच निघाला. तेव्हां परदेशीं यादीप्रमाणें चार-दोन दोष पाहून "कांहीं नाहीं" असें ऐकलें, तर तेवढ्यावर निश्चिंत राहूं नये.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. आपल्या देशांत क्षयरोग या रोगाहून कितीतरी पटींनीं अधिक आहे. ज्यास क्षयाचें औषध चालू आहे त्यानें आमचें भाषण ऐकून तें आपल्या मनानें बंद करूं नये. आमचें म्हणणें इतकेंच कीं पूर्ण औषध होऊनही खोकला पुन्हां पुन्हां येत असेल, किंवा थुंकींत क्षयाचे जंतु कधींच सांपडले नसतील, तर दुसऱ्या शक्यतेचा विचार व्हावा.

रोग सांपडला म्हणजे पुढें काय? तो समूळ बरा करणारें औषध अद्यापि नाहीं. परंतु निगेनें आयुष्य वाढतें, आणि या निगेचा मोठा भाग घरींच व्हावयाचा असतो. रोज सकाळ-संध्याकाळ मुलाची छाती मोकळी करावी लागते: आधीं खारट पाण्याची वाफ यंत्रानें द्यावयाची, मग शिकविलेल्या रीतीनें पाठ-छाती थोपटून, श्वासाचे व्यायाम करवून कफ बाहेर काढावयाचा. मोठ्या मुलांस बाटलींतील पाण्यांत नळीनें फुंकर घालून बुडबुडे काढावयास लावितात; खेळाचा खेळ आणि औषधाचें औषध. जेवणाच्या प्रत्येक वेळीं पाचकरसाच्या कॅप्सूल द्याव्या लागतात. या मुलांस तूप, लोणी, शेंगदाणे, अंडीं यांचा आहार इतरांहून अधिक हवा, व कांहीं जीवनसत्त्वेंही वेगळीं द्यावीं लागतात. उन्हाळ्यांत डॉक्टर सांगतील त्या मापानें मीठ वाढवावें लागतें. आपल्याकडचें मीठ घातलेलें ताक व लिंबाचें सरबत येथें खरोखर उपयोगीं पडतें. ताप किंवा खोकला वाढला तर प्रतिजैविकें वेळेवर व पूर्ण मुदतीचीं द्यावीं. वाफेचें यंत्र रोज स्वच्छ करावें. आणि या रोगाचीं दोन मुलें एकमेकांच्या निकट बसवूं नयेत, कारण एकाच्या छातींतील जंतु दुसऱ्यास घातक होतात.

हें सर्व एक दिवसाचें नव्हे, रोजचें आहे. शेतावर जाणाऱ्या, टोमॅटोच्या हंगामांत पहाटेपासून बाजार गांठणाऱ्या आईबापांस तें किती जड जाईल हें आम्ही जाणतों. म्हणूनच म्हणतों कीं हें काम एकट्या आईचें राहूं नये.

आईविषयीं बोलणें निघालें आहे तर मनांतील मुख्य गोष्ट सांगून टाकतों. ज्या घराची हकीकत आम्हीं सांगितली, तेथें त्या मातेस "हिची कूसच वाईट" असें म्हणणारीं माणसें होतीं. बंधुभगिनींनो, हें बोलणें क्रूर तर आहेच, शिवाय तें असत्य आहे. हा रोग होण्यास बिघडलेलें जनुक आईकडून एक व बापाकडून एक, असें दोन्हींकडून यावें लागतें. दोघेही स्वतः धडधाकट असतात. आपण वाहक आहों हें त्यांस ठाऊकही नसतें. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो, वाहक होण्याचा चारांत दोन, व पूर्ण मोकळें असण्याचा चारांत एक. एक मूल गेलें म्हणून पुढचें तिघें सुरक्षित असा हिशेब नाहीं. प्रत्येक खेपेस तोच डाव नव्यानें मांडला जातो. यांत पाप नाहीं, शाप नाहीं, दृष्ट नाहीं, आणि आईचा दोष बापाहून तिळभरही अधिक नाहीं. एका मुलास रोग निघाला तर त्याच्या भावंडांचाही घाम तपासून घ्यावा, आणि पुढील अपत्याचा विचार करण्यापूर्वीं आईबापांनीं आनुवंशिकतेच्या जाणकारांचा सल्ला घ्यावा.

याच संदर्भांत नात्यांतील विवाहाचा उल्लेख करणें भाग आहे. आपल्या मराठी मुलुखांत मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे. एका आजा-आजीचें बिघडलेलें जनुक दोन्ही बाजूंनीं उतरून एकाच मुलांत एकत्र येण्याचा संभव अशा विवाहांत वाढतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यानें सख्ख्या मामे-आते भावंडांचा विवाह विशेष परवानगीवांचून होऊं शकत नाहीं हें आपण जाणतां. त्या नियमाकडे केवळ एक अडथळा म्हणून न पाहतां त्यामागील हित ओळखावें. मात्र झालेल्या विवाहांकडे बोट दाखविण्यास आमचे शब्द कोणीं वापरूं नयेत. नात्याबाहेरच्या विवाहांतही हा रोग आढळतो.

आतां पैशाची गोष्ट. गेल्या कांहीं वर्षांत बिघडलेल्या दारालाच दुरुस्त करणारीं औषधें निघालीं आहेत. त्यांतील तीन औषधांचा एक संयोग २०१९ सालीं अमेरिकेंत मान्य झाला व पुष्कळ रोग्यांस त्यानें नवें जीवन दिलें. परंतु तेथें त्याची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरांच्या वर ठेवण्यांत आली. २०२३ सालीं भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील व युक्रेन या देशांतील रोग्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं तें औषध आपल्याही आवांक्यांत यावें म्हणून एकदम आवाज उठविला. शिवाय तें औषध जनुकदोषाच्या प्रकाराप्रमाणें लागू पडतें. म्हणून आपल्या मुलाचा दोष नेमका कोणता हें कळणें अगत्याचें आहे. आपल्या सरकारनें २०२१ सालीं दुर्मिळ रोगांचें राष्ट्रीय धोरण जाहीर केलें. त्यांत या रोगाच्या औषधांचा उल्लेख आहे, व नेमलेल्या केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साह्याची तरतूद २०२२ पासून आहे. मुंबईस परळ येथील के. ई. एम. इस्पितळ हें अशा केंद्रांपैकीं एक होय. जन्मभर घ्यावयाच्या महाग औषधास ही रक्कम पुरणार नाहीं हें उघड आहे. तथापि ज्याच्या रोगास नांवच लागलें नाहीं, त्याचा अर्ज कोणत्या रकान्यांत बसणार? म्हणून पहिली पायरी निदानाची.

शेवटीं, आपण येथें काय करूं शकतों? तीन गोष्टी सुचवितों. पहिली, प्रत्येक आईस व आजीस हें सांगावें कीं मुलाचा मुका खारट लागत असेल तर तें बोलावें, व डॉक्टरांपुढें न लाजतां सांगावें. दुसरी, ज्या घरीं तान्हीं मुलें एकामागून एक गेलीं, त्या घराची हकीकत लिहून ठेवावी. आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या व मृत्यूच्या नोंदवह्या आहेत. एखाद्या कुटुंबास आपल्या मागच्या पिढ्यांचा शोध घ्यावयाचा असेल तर त्या कामीं येतील. तिसरी, अशा मुलास पुण्यास किंवा मुंबईस न्यावयाचें झालें तर गाडीभाडें, सोबत व चार दिवस मागें राहिलेल्या गुरांचें वैरणपाणी, एवढी जबाबदारी शेजाऱ्यांनीं उचलावी. औषध देणें आपल्या हातीं नाहीं, पण हें आहे.

महोत्सवाच्या निमित्तानें आपण वेदी सजविली, घंटा वाजविल्या. त्या आनंदांत न्यून येऊं नये म्हणून आम्ही आवरतें घेतों. त्या घरच्या दोन मुलांस आम्ही कांहीं देऊं शकलों नाहीं. परंतु आज येथें बसलेल्या एखाद्या मातेनें घरीं जाऊन आपल्या लेंकराचा मुका घेतला, चव खारट लागली, आणि उद्यां ती त्याला घेऊन डॉक्टरांच्या दारीं उभी राहिली, तर त्या आजीचें वाक्य इतक्या वर्षांनीं योग्य ठिकाणीं पोंचलें असें आम्ही समजूं.

परमेश्वर आपल्या सर्व लेंकरांचें रक्षण करो.